भुरीला मिठी नको होती

आमच्या निवाऱ्यात सुटका करून आणलेल्या कुत्र्यांना तेरा ते सोळा वर्षांची मुलं शिकवतात. आम्ही प्रशिक्षक बाजूला उभे राहून मुलांना शिकवतो. कुत्र्याला बसणं, पट्टा न ओढता चालणं, अनोळखी माणसाला न घाबरणं जमू लागलं की त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते. मुलांनी मात्र समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकावं, अशी अपेक्षा असते. ही कल्पना काही आमची नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मॅकलारेन या बालसुधारगृहातली मुलं 1993 पासून 'प्रोजेक्ट पूच'मध्ये बेवारस कुत्री शिकवून दत्तक जाण्यासाठी तयार करायची. आमच्याकडची मुलं साधी, शाळेत जाणारी. काही हौसेनं येतात, काहींना समुपदेशक पाठवतात.

त्या दिवशी भुरी या कुत्रीबरोबर दोघं मुलं होती. मुलगी हौसेनं आलेली, मोबाइलमध्ये कुत्र्यांचेच फोटो. मुलगा वर्गात मारामारी केली म्हणून पाठवलेला. "मला कुत्री आवडत नाहीत," हे त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. आधीच्या घरी भुरी आखूड साखळीला बांधलेली असायची. आमच्याकडे ती कुणाला चावली नव्हती. चावऱ्या कुत्र्यांजवळ आम्ही मुलांना सोडतच नाही.

मुलगी आत आली ती थेट गुडघ्यावर बसली आणि तिनं भुरीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

भुरी गुरगुरली नाही, हललीही नाही. तोंड घट्ट मिटलं, जीभ एकदा झटकन नाकावरून फिरली. मान दुसरीकडे वळली, पण डोळे मुलीकडेच राहिले, त्यामुळे कडेला डोळ्यातल्या पांढऱ्या भागाची कोर दिसू लागली. "बघा ना, किती शांत बसलीये," मुलगी आनंदानं म्हणाली.

हे शांत बसणं नव्हतं, गोठणं होतं. पळायला वाट नसली की कुत्रं असं ताठ होतं, आणि यापुढची पायरी दातांची असू शकते. मी आवाज न चढवता तिला हात सैल सोडून बाजूला सरकायला सांगितलं. भुरी सुटली आणि अंग भिजल्यासारखी नाकापासून शेपटापर्यंत झडझडली. ताण उतरला की कुत्री असं करतात.

मुलीचा चेहरा पडला. "पण माझं प्रेम आहे तिच्यावर!"

होतंच. खरं सांगायचं तर कुत्र्यांना घाबरणाऱ्या मुलांपेक्षा 'कुत्र्यांना मी फार आवडते' म्हणणाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते. घाबरणारा निदान कुत्र्याकडे लक्ष ठेवून असतो.

मग मुलाची पाळी. तो भुरीकडे कूस करून जमिनीवर बसला, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला उत्साह नव्हता इतकंच, पण घाबरलेल्या कुत्र्याला नेमकं हेच हवं असतं. त्यानं हातावर खाऊ धरला, तेव्हा मी म्हटलं, "हातात नको, तिच्या मागे टाक." त्याला ते उलटंच वाटलं. हातातल्या खाऊच्या ओढीनं भित्रं कुत्रं त्याला झेपेल त्यापेक्षा जवळ येतं. खाऊ संपला की आपण कुठे येऊन पोहोचलोय हे त्याच्या लक्षात येतं आणि ते बिथरतं. खाऊ मागे टाकला की त्याला लांब जायची मुभा मिळते. परत यायचं की नाही ते त्याचं ते ठरवतं. भुरी लांब गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि दर वेळी थोडी जास्त जवळ येत राहिली.

"गुरगुरली तर ओरडू का? बाबा म्हणतात, मालक कोण ते कुत्र्याला दाखवून द्यावं लागतं."

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कळपाचा दादा, म्हणजे बाकीच्यांना दाबात ठेवणारा लांडगा, ही कल्पना 1940च्या दशकात पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ डेव्हिड मेक. त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे सहसा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. गुरगुरण्याबद्दल मी त्याला एवढंच सांगितलं, की ती सूचना असते. त्यासाठी ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिला बोलू द्यायचं."

प्रत्येक सत्राचं आम्ही चित्रण करतो आणि नंतर आवाज बंद करून बघतो. मुलीनं मिठीचा तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेला. जीभ तिला दोनदा दिसली नाही, तिसऱ्यांदा दिसली. "मी हसतेय आणि ती..." पुढचं ती बोलली नाही. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, पण तिनं विचारलं, "मग हात लावायचाच नाही का?"

लावायचा, पण विचारून. छातीवर साधारण तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रं आणखी जवळ सरकलं तर हो, तोंड फिरवलं किंवा नुसतं उभं राहिलं तरी नाही. तिनं तसं केलं. भुरी उठून चालती झाली. मुलीचा हात तिच्यामागे जायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला. माझ्या लेखी त्या दिवसाची कमाई ती. भुरी अंगाला बिलगली असती तर इतकं काही शिकवून झालं नसतं.

शेवटी मुलं एका कागदावर दोन रकाने भरतात, 'दिसलं' आणि 'वाटलं'. आधी ही मुलगी 'दिसलं'खाली 'भुरी लाडात आली' असलं काहीतरी लिहायची. त्या दिवशी तिथे होतं, 'हात थांबवला. ती उठून गेली.' आणि 'वाटलं'खाली, 'वाईट वाटलं. मला. तिला नाही.'

मुलाचा 'दिसलं'चा रकाना गच्च भरला होता, अगदी कान कधी मागे गेले तेसुद्धा. 'वाटलं'खाली काहीच नव्हतं. भरण्याची सक्ती आम्ही करत नाही. पुढच्या आठवड्यात भुरी पुन्हा त्याच्याकडेच द्यायची, एवढं मात्र ठरवलं.