तुम्ही विचारलंत म्हणून: रेड वाइन ठेवली की भारी होते का?

घरी रेड वाइनची बाटली आहे, कोणीतरी भेट दिलीय, अशीच ठेवून दिली तर अजून भारी होईल ना? हा प्रश्न मला सारखा येतो. आणि माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, ठेवू नका, या आठवड्यात उघडा. दुकानात मिळणाऱ्या रेडपैकी बहुतेक बाटल्या एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, त्यातलं ताजं फळ हीच त्यांची मजा आणि ठेवून ठेवून नेमकं तेच आधी जातं.

पण काही वाइन खरंच ठेवण्यासारख्या असतात. आपल्याकडचंच सांगायचं तर अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची सेत्ते ही रेड. सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं ब्लेंड, फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेलं, आणि ते घडवणारे वाइनमेकर पिएरो मासी मूळचे इटलीतल्या टस्कनीचे. सांजोवेझेतून आंबटपणा येतो, कॅबरनेतून टॅनिन म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, आणि वाइन वर्षानुवर्षं टिकायला हेच दोन लागतात. म्हणून मी एकाच सालाच्या काही बाटल्या एकदम घेते आणि मध्ये वर्ष-दोन वर्षं जाऊ देऊन एकेक उघडते, कारण वाइन बदलते म्हणजे काय होतं ते एका बाटलीतून कळतच नाही.

नवी असताना रंग गडद जांभळट, नाकाला काळी चेरी आणि ओकचा व्हॅनिला, आणि एक घोट घेतला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळतात, ते टॅनिन. मग मध्ये एक काळ असा येऊ शकतो की वाइन गप्पच होते, फळ मागे गेलेलं असतं आणि नवीन काही आलेलं नसतं, बरेच जण इथेच वैतागून उरलेल्या बाटल्या संपवून टाकतात. प्लीज थांबा. पाच-सहा वर्षांनी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघा, कडेला विटकरी रंग दिसायला लागतो, वास सुकलेल्या चेरीचा, तंबाखूचा, चामड्याचा, थोडा ओल्या मातीचा, आणि हिरड्या आवळणं जवळजवळ गेलेलं. कारण टॅनिन आणि रंगाचे रेणू इतक्या वर्षांत एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात, म्हणून रंग फिका होणं आणि तुरटपणा कमी होणं हे बरोबरच चालतं. आंबटपणा मात्र तसाच राहतो, आणि फळ पूर्ण संपून तो एकटाच उरला की समजायचं वेळ निघून गेली. मला स्वतःला शेवटापेक्षा मधला टप्पा आवडतो, फळ अजून शिल्लक आहे आणि चामडं-तंबाखू नुकतंच यायला लागलंय, यापेक्षा सुंदर काही मी ग्लासात चाखलेलं नाही.

हे सगळं बाटली नीट ठेवली तरच, आणि आपल्या हवेत तेच सगळ्यात अवघड आहे. १२ ते १४ डिग्री, अंधार, बुचाची बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते, मग जॅमसारखा वास येतो. साधा फ्रिजही वर्षानुवर्षं चालत नाही, तिथे जास्त थंडी आणि कोरडी हवा, बूच सुकतं. ठेवायचीच असेल तर छोटा वाइन फ्रिज घ्या, तेवढा खर्च नको असेल तर वाइन ठेवूच नका, हे मी मनापासून सांगतेय.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल. मग मोबाइलचा टॉर्च मानेमागे धरून हळूहळू ओता आणि गाळ मानेपर्यंत आला की थांबा, शेवटचा घोटभर भाग सोडून द्या. नव्या रेडला तासभर हवा दिली तर बरं, जुन्या वाइनला तेवढी देऊ नका, तिचा वास नाजूक असतो आणि पटकन उडतो. १६-१८ डिग्रीला प्या, रूम टेंपरेचर म्हणजे आपल्या रूमचं नव्हे. आणि सोबत झणझणीत रस्सा नको, त्यात हा वास हरवून जातो, मीठ-मिरी लावून भाजलेलं मटण नाहीतर बटरवर परतलेले मशरूम घ्या.