स्टिकरवरची तारीख

गौरी-विसर्जनाच्या दिवशी, १२ सप्टेंबर २०२४ला, दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या फोनवर पासपोर्टच्या एका पानाचा फोटो आला. काकूंनी तो देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवून काढला होता, कोपऱ्यात कुंकवाचा करंडा दिसत होता. व्हिसा मिळाला होता, नाव बरोबर होतं, पासपोर्ट क्रमांक बरोबर होता. फक्त ‘कधीपासून वैध’ या रकान्यात १८-०९-२४ असं छापलेलं होतं. आणि काकूंचं विमान त्याच रात्री, म्हणजे १३ तारखेला पहाटे चारला, मुंबईहून सुटणार होतं.

मी एकोणीस वर्षं पुण्यात लोकांच्या सहली आखून देते आहे. पॅकेज विकत नाही, एकेका कुटुंबाची सहल बसून आखते. व्हिसाचं स्टिकर हातात आलं की पहिल्यांदा तारीख बघायची, मग नाव, हे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी शिकवते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, १८ला सुरू होत असेल तर १३ला तिथल्या सीमेवर उभं राहता येत नाही. मुळात मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग पास मिळत नाही. त्यावर विनंती, पत्र, ओळख यांतलं काहीही चालत नाही.

ही सहल दोघी बहिणींची. थोरल्या मॅडम ७१ वर्षांच्या, चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. धाकट्या काकू ६८च्या. मॅडम फेब्रुवारीत पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या वहीत बदामाचं एक लालभडक पान होतं. ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “आयुष्यभर मुलांना हे एकच पान दाखवत आले. आपल्याकडे गळण्याआधी असं लाल होणारं झाड शोधावं लागतं. कुसुंब, पिंपळ लाल होतात ते पालवी फुटताना. पान गळताना अख्खा डोंगर लाल झालेला मला बघायचाय. फिनलंडमध्ये त्याला रुस्का म्हणतात. तिथे मला घेऊन जा.”

‘फॉल कलर्स’ म्हणणारे खूप येतात. रुस्का हा शब्द माझ्या ऑफिसात कोणी आपणहून उच्चारल्याची ही पहिली वेळ. मला त्या तिथेच आवडल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर. पण रुस्का उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतो. फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंड भागात, अगदी वरच्या टोकाला, तो साधारण सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरात असतो. हेलसिंकीच्या आसपास तोच रंग सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर उजाडल्यावर दिसतो. उत्तरेत हे सगळं आठ-दहा दिवसांचं काम. एखाद्या रात्री जोराचा वारा सुटला तर त्याहून कमी. आमच्या धंद्यात ऑक्टोबरच्या उत्तरार्धातल्या लॅपलंडला ‘ऑटम स्पेशल’ म्हणून विकणारे लोक आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. त्या वेळी तिथे झाडं बोडकी असतात, बर्फ पडायला लागलेला असतो, आणि माणसं लाखो रुपये भरून करड्या काटक्यांचे फोटो काढून परत येतात.

मी इनारी काढलं. इनारी हा फिनलंडमधला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा तालुका, आपल्या पुणे जिल्ह्याहूनही मोठा, आणि सगळी वस्ती सात हजारांच्या आसपास. सामी लोकांचा हा मुलूख. सामींच्या तीन वेगवेगळ्या भाषा इथे बोलल्या जातात. त्यांचं ‘सीदा’ हे संग्रहालय गावातच, त्याच वर्षी मे महिन्यात त्याला युरोपातल्या सर्वोत्कृष्ट संग्रहालयाचा मान मिळाला होता. मोठं तळं, त्यात तीन हजारांहून जास्त बेटं. सप्टेंबरात पाणी गोठलेलं नसतं, त्यामुळे पिवळा काठ पाण्यातही दिसतो. नॉर्दर्न लाइट्स डिसेंबरातच दिसतात हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. त्यासाठी अंधार लागतो, बर्फ नाही. ऑगस्टअखेरीपासून तिथल्या रात्री पुरेशा काळोख्या होतात. मॅडमना मी एवढंच बजावलं की १८ सप्टेंबरला पौर्णिमा आहे, पिठूर चांदण्यात फिकट प्रकाश पुसून जाईल. त्या म्हणाल्या, “मला आकाशापेक्षा जमीन बघायची आहे.” जमिनीवरच्या ठेंगण्या बर्चची आणि बेरीच्या झुडपांची लाली, ज्याला तिकडे ‘मारुस्का’ म्हणतात, ती त्यांना जास्त हवी होती. उंच बर्च नुसता पिवळा होतो, लाल नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं.

अडचण एकच होती. २०२४ला गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि अनंत चतुर्दशी १७ला आली. इनारीचा रुस्का आणि आपला गणेशोत्सव अगदी तारखेला तारीख लावून समोरासमोर. मॅडमच्या घरी गणपती नाही. काकू मात्र मोठ्या घरातल्या थोरल्या सून. दहा दिवसांचा गणपती, १०ला गौरी येणार, ११ला पूजन, १२ला विसर्जन. एप्रिलमध्ये मी दोन आराखडे केले. पहिला ८ ते १७चा, मॅडमच्या मनासारखा. दुसरा १८ ते २६चा, काकूंच्या घराला सोयीचा. दोघी माझ्यासमोर बसायच्या आणि एकमेकींशी न बोलता माझ्याशी बोलायच्या. मॅडम म्हणायच्या, “बेबीला सांग, गणपती दर वर्षी येतो.” काकू नुसत्या पदराशी चाळा करायच्या.

शेवटी जूनमध्ये मध्यम मार्ग मीच काढला. १२ला गौरी उठतात, त्याच रात्री निघायचं. उरलेल्या पाच दिवसांच्या आरत्या मुलगा-सून करतील. १४ला इनारी, रंग अजून असणार. मला हा तोडगा इतका पसंत पडला होता की मी तो घरी जेवताना नवऱ्यालाही ऐकवला. काकू “बरं” म्हणाल्या. ते “बरं” मी होकार म्हणून घेतलं.

आता चूक कुठे झाली ते. जुलैत व्हिसा केंद्रात दोघींची एका दिवशी अपॉइंटमेंट मिळेना. उन्हाळ्यात हे दर वर्षी होतं. साठी-सत्तरीच्या माणसांना दहा बोटांच्या ठशांसाठी आणि एका फोटोसाठी वेगवेगळ्या दिवशी मुंबईला हेलपाटे घालायला लावणारी ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे ते मला अजून कळलेलं नाही. फीही त्या जूनपासून ८०ची ९० युरो झाली होती. मॅडमची फाइल मी स्वतः केली, १३च्या तारखेने. काकूंची फाइल आठ दिवसांनी माझ्या असिस्टंटने केली. कॉम्प्युटरवर काकूंच्या नावाच्या फोल्डरमध्ये एप्रिलचा दुसरा आराखडा होता, १८पासूनचा. फॉर्म, विमानाचं रिझर्व्हेशन, हॉटेल, ३० हजार युरोंचा विमा, सगळं त्याच तारखेने आपसात जुळणारं. फाइल इतकी व्यवस्थित होती की कुठे काही खटकायला जागाच नव्हती. वरच्या पत्रावर सही माझी आहे. मुलगा तेवीस वर्षांचा आहे, मनापासून काम करतो, त्याला मी काही बोलले नाही. तपासणं माझं काम होतं.

पासपोर्ट कुरियरने थेट काकूंच्या घरी गेला, ऑगस्टच्या शेवटी. त्यांनी तो उघडूनही न बघता देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला. मी तीनदा फोटो मागितला, “पाठवते गं, मखराची गडबड आहे” असं उत्तर आलं, आणि मी चौथ्यांदा मागितला तो १२ला.

त्या दुपारी मी पहिला फोन मॅडमना केला. चूक माझी आहे, काकूंना आज जाता येणार नाही, आणि दोघींची सहल १८वर ढकलते, सगळा खर्च माझा, असं एका दमात सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, “अठराला तिथे काय उरलं असेल?”

मी खरं ते सांगितलं. वारा सुटला नाही तर निम्मं. सुटला तर काही नाही.

“मग मी आज जाते. बेबीला अठराला पाठव.”

७१ वर्षांची बाई, पहिल्यांदा एकटी, ६९व्या अक्षांशाजवळ. माझ्या घशाशी “नको” आलं होतं. पण त्यांचा आवाज चौकशीचा नव्हता.

काकूंना फोन केला तेव्हा मागे घंटा वाजत होती, कोणीतरी मोठ्याने “ताम्हन कुठंय?” विचारत होतं. मी सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, “म्हणजे मी इथेच?” आवाज एकदम बारीक झालेला. मला तो रडवेला वाटला. मी चार वेळा माफी मागितली.

पुढचे पाच तास ज्याला मी माझं काम म्हणते ते. दोघींचं तिकीट एकाच पीएनआरवर होतं. असिस्टंट काकूंचं तिकीट रद्द करायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी पीएनआर स्प्लिट करून घ्यायचा, दोघी वेगळ्या करायच्या, आणि मगच एकीच्या तिकिटाला हात लावायचा. नाहीतर एकीच्या बदलात दुसरीचीही जागा उडू शकते. आणि हे सगळं विमान सुटण्याआधी व्हायला हवं. प्रवासी न सांगता गैरहजर राहिला तर ‘नो-शो’ लागतो आणि परतीचं तिकीटही मेलंच समजा. कॉल सेंटरच्या पहिल्या मुलीला स्प्लिट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. दुसऱ्याने फोन होल्डवर ठेवला तो एकवीस मिनिटं. तिसरी बाई कोणीतरी जुनी, मुरलेली होती, सहा मिनिटांत काम संपवलं. मग हेलसिंकी ते इवालोचं वेगळं तिकीट, मग विमा नव्या तारखांना. इनारीत तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना फोन लावला. त्यांचं इंग्रजी मोजकं, मी सावकाश सांगितलं की थोरल्या बहीणबाई एकट्या येत आहेत, इवालो विमानतळावरून बस चुकली तर? त्या म्हणाल्या, मी गाडी घेऊन जाते, पन्नासएक किलोमीटर तर आहे.

संध्याकाळी पाचला मॅडम निघाल्या. रस्त्यावर विसर्जनाची गर्दी होती, गाडी एक्स्प्रेस-वेला लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

इनारीहून मॅडम रोज रात्री एक मेसेज करायच्या, टिपणासारखा. “१४. डोंगरउतार अळत्याचा. शब्द कमी पडतात.” “१५. दिवस रोज साधारण आठ मिनिटांनी लहान होतोय, घड्याळ लावून पाहिलं.” “१६. जंगलात शिरून लिंगनबेरी वेचल्या. कोणाची परवानगी लागत नाही, इथे तो प्रत्येकाचा हक्क आहे.” मग “१७. चांदणं असूनही रात्री हिरवा पडदा हलला. धक्क्यावर एकटी होते.” आणि १८ला फक्त, “वारा सुटलाय.”

काकू १९ला दुपारी पोचल्या. गेस्ट हाउससमोरचा बर्च तोवर बोडका झाला होता.

दोघी परत आल्या त्याला आठवडा झाल्यावर काकू एकट्याच ऑफिसात आल्या. सोबत एक वही होती, मला दाखवायला मॅडमनी दिलेली. १४पासून १८पर्यंत रोज सकाळी, त्याच बर्चच्या त्याच फांदीचं एक पान, चिकटपट्टीने लावलेलं, खाली तारीख. पहिल्याच्या शिरांजवळ अजून हिरवं होतं. तिसरं पूर्ण पिवळं, हळदीत बुडवल्यासारखं. पाचव्याच्या कडा तपकिरी होऊन आत वळलेल्या, देठाच्या टोकाला गोल, बंद झालेला वण. त्या वणाकडे बाण काढून मॅडमनी लिहिलं होतं, “बेबीसाठी.”

मी पुन्हा माफी मागायला लागले. काकूंनी हातानेच थांबवलं. म्हणाल्या, “ताई पाच दिवस एकटी होती, ते तिला हवंच होतं. मी असते तर तिला माझ्या गुडघ्यांच्या बेताने चालावं लागलं असतं. आणि माझ्या हातचं नैवेद्याचं ताट सासूबाई गेल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. ते चुकणार होतं.”

“मग जूनमध्ये बोलला का नाहीत?”

“तू विचारलं होतंस का?”

नव्हतं विचारलं. तारखा विचारल्या होत्या, गौरी कधी उठतात ते विचारलं होतं, आरती कोण करेल ते विचारलं होतं. पाच महिन्यांत तीस-एक फोन झाले असतील.

जाताना त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तिकीट बदलल्याचा फरक मी भरला होता, तेवढी रक्कम. मी परत सरकवलं. त्या थोडं पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “खरं सांग, ती तारीख तू मुद्दाम टाकली होतीस ना?”

“नाही हो काकू. चूक झाली.”

“असू दे,” म्हणाल्या, “मी ताईला सांगणार नाही.”

पाकीट अजून माझ्या खणात आहे.