‘गुड बिहेविअर’ : दुसरं वाचन, दोन रकान्यांची वही

मंडळी, आयरिश लेखिका मॉली कीनच्या या कादंबरीचं दुसरं वाचन निम्म्यावर आलंय. पहिल्या वेळी मी गोष्टीमागे धावले होते. या वेळी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलीय. डावीकडे गोष्ट सांगणारी अरून काय सांगते ते, उजवीकडे खरं काय घडलं असावं ते.

पहिल्याच प्रकरणात सत्तावन्न वर्षांची अरून आजारी आईसाठी मूस, म्हणजे मांसाचा मऊ फेटलेला पदार्थ, घेऊन जाते. आईला ससा मुळीच सोसत नाही आणि मूस सशाचं आहे. आई ओकते आणि मरते. मोलकरीण रोझ तिला तोंडावर खुनी ठरवते. अरून मात्र ते मूस आपल्या जेवणासाठी गरम ठेवायला सांगते, तेही पूर्ण अदबीने. इथे हसू येतं आणि घशातच अडकतं.

सर्वांत जास्त खुणा रिचर्डच्या पानांवर झाल्यात. भाऊ ह्यूबर्टचा हा मित्र एका रात्री अरूनच्या खोलीत येतो, शेजारी पडून राहतो, निघून जातो. तिच्या लेखी आयुष्यातलं एकमेव प्रेम तेच. खरं प्रेम आहे ते रिचर्ड आणि ह्यूबर्ट यांच्यात. वडिलांचा संशय वळवायला अरूनची खोली वापरली गेली. हे ती एका शब्दानेही बोलत नाही, आणि ह्यूबर्ट मोटार अपघातात गेल्यावरही घरात कुणी मोकळं रडत नाही. आयर्लंडमधल्या या जमीनदार घराण्यांकडे जमीन आणि पैसा फारसा उरला नव्हता, राहिले होते ते घोडे, शिकार आणि रीत. आई दुकानदारांची बिलं तशीच साठू देते, कारण पैशाविषयी बोलणं असभ्य!

कीनला ही माणसं आतून ठाऊक होती. तिचा जन्म १९०४चा, किल्डेअरमधला. शिकारीच्या त्या वर्तुळात लिहिणारी मुलगी खपली नसती म्हणून ती ‘एम. जे. फॅरल’ नावाने लिही; नाव एका दारूच्या गुत्त्याच्या पाटीवरून घेतलेलं. १९६१मध्ये तिचं नाटक पडलं आणि ती वीस वर्षं गप्प राहिली. पाहुणी आलेल्या अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्टने या कादंबरीचं हस्तलिखित वाचून ते छापायचा आग्रह धरला. १९८१च्या बुकरच्या अंतिम यादीत हे पुस्तक पोहोचलं. पारितोषिक त्या वर्षी सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ला, म्हणजे आपल्या मुंबईच्या गोष्टीला मिळालं.

सध्या रिचर्डचं पान मराठीत आणून बघतेय. शीर्षकाला ‘सद्वर्तन’ नको, त्याला कैद्याच्या शिक्षेतल्या सवलतीचा वास येतो. ‘रीतभात’ बरं वाटतंय. काल मी ‘तिला वाटलं, तो आपल्यासाठी आला’ असं लिहिलं आणि परिच्छेद मेला. ‘वाटलं’ म्हटलं की उजवा रकाना उघडा पडतो. खोडून ‘तो माझ्यासाठी आला’ एवढंच ठेवलं. आता पुढचं वाक्य.