गळा गोड नाही, मग?

"तिचा गळा काही गोड नाही, सूरही मधूनच उतरल्यासारखा वाटतो. मग तुम्ही ही अमेरिकन जॅझ गायिका, ॲबी लिंकन, एवढी का ऐकता?" आमच्याकडे गाणी ऐकायला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तिला गोड गाता येत नव्हतं असं मुळीच नाही. १९५६चा पहिला अल्बम ऐका, कसं रेशमी, आर्जवी गाणं आहे! १९३० साली शिकागोत जन्मलेली, मिशिगनच्या खेड्यात वाढलेली ही ॲना मरी वूल्ड्रिज. 'ॲबी लिंकन' हे नावही दुसऱ्यानं ठेवलेलं, वेस्टमिन्स्टर ॲबी आणि अब्राहम लिंकन जोडून. १९५६मध्येच हॉलिवूडच्या एका चित्रपटात ती गायली, अंगात मेरिलिन मन्रोनं आधी घातलेला झगा. लोकांचं लक्ष गाण्यापेक्षा झग्यावर. पुढे तो झगा आपण जाळून टाकला, असं ती मुलाखतींत सांगायची.

माझी ॲबी तिथून पुढची. १९६० साली ड्रमर मॅक्स रोचच्या 'वी इन्सिस्ट!' या कृष्णवर्णीयांच्या गुलामीवर आणि स्वातंत्र्यावर केलेल्या अल्बममध्ये तिच्या वाट्याला एक तुकडा आला, प्रार्थना, निषेध आणि शांती असा. त्यात शब्दच नाहीत. आधी गुणगुणणं, मग नुसत्या किंकाळ्या, मग दमलेला श्वास. पहिल्यांदा लावला तेव्हा आई पोळी तव्यावर टाकून धावत आली, "कोणाला काय झालं गं?" गुलामीचा इतिहास आईला सांगावाच लागला नाही, तिला तो आवाजातून कळला होता.

असं गाण्याची किंमत तिनं मोजलीच. १९६१च्या अल्बमवर एका समीक्षकानं कडाडून टीका केली. त्यानंतर थेट १९७३पर्यंत स्वतःच्या नावावर एकही अल्बम नाही. मधल्या काळात चित्रपट होते. १९६८मध्ये अभिनेता सिडनी पॉटिएची नायिका झाली, गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं. पण मला १९६४चा 'नथिंग बट अ मॅन' जवळचा. त्यात ती अलाबामातली शिक्षिका, धर्मोपदेशकाची मुलगी. रेल्वेमार्गावर राबणाऱ्या माणसाशी लग्न करते. अपमान गिळून घरी आलेल्या नवऱ्याकडे ती बघते ना, तसं बघणं मी माझ्या आजीत पाहिलंय.

साठीत तिला पुन्हा मोठे अल्बम मिळाले, तेव्हा ती स्वतः लिहिलेली गाणीही गात होती. आवाज खरखरीत झालेला. तालाच्या किंचित मागे राहून, समोर बसून बोलावं तसा शब्द ठेवायची. तुम्हाला उतरल्यासारखा वाटतो तो सूर नेमका तिथे, शब्दाच्या शेवटी येतो. मी त्याचीच वाट बघत बसलेली असते.