वर्बेना म्हणून आलेली बाटली

लॅबमध्ये ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी "रिपोर्ट गेला ना, मग विषय संपला" म्हणून हात झटकले. माझा संपलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. सुगंधी तेलं, फ्लेवर, अगरबत्तीवाल्यांची कंपाउंड, असलं सगळं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर वास घेत बसतो. वास घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात, बाकी दिवस जीसी मशीनची, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफची, मनधरणी करण्यात जातो. एक रन तासाभराचा, आत ओव्हन मिनिटाला तीन डिग्रीने वर चढत जातो, आणि पावसाळ्यात रन संपत आला की नेमकी लाईट जाते. यूपीएस आहे, फोटोत दाखवायला. मग परत पहिल्यापासून.

तर जुलैत, परशुराम घाटात दरड आली म्हणून निम्मा स्टाफ पोचलाच नव्हता त्या दिवशी, गुहागरकडच्या एक ताई बाटली घेऊन आल्या. त्यांचं साबणाचं काम आहे, पायाच्या भेगांना लावतो ते मुठेल, खोबरेल वगैरे घालून, चार बायका हाताशी. माल खरंच चांगला असतो, मी स्वतः वापरते. ओळखीतून फ्रान्समधला एक बायर मिळाला होता आणि त्याने वर्बेनाचा, म्हणजे लिंबाच्या वासाच्या पानांचं एक झाड असतं त्याचा, साबण मागितला होता. ताईंनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून वर्बेना ऑइल घेतलं, गवती चहाच्या तेलाच्या कितीतरी पट भावाने, साबण ओतला, वड्या कापून मांडणीवर वाळत पण ठेवल्या. बायर म्हणाला तेलाचा टेस्ट रिपोर्ट पाठवा. म्हणून ती बाटली माझ्या टेबलावर.

सोबत व्यापाऱ्याचा सीओए होता, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, छान लॅमिनेट केलेला. वनस्पतीचं नाव लिपिया सिट्रिओडोरा, म्हणजे लेमन वर्बेना, कॅस नंबर (पदार्थाचा जागतिक ओळख क्रमांक) ८०२४-१२-२, रंग, घनता, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, सगळं कसं 'पास'. जीसीचा आकडा मात्र एकही नाही. असा सीओए बघितला की माझं डोकं फिरतं. घनता नि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स जुळवणं अवघड नसतं हो, लिंबाचा वास मारणारी निम्मी तेलं एकमेकांच्या आसपासच असतात.

आधी वास. कागदी पट्टी बुडवली, एक मला, एक ताईंना. खरं लेमन वर्बेना मला माहितीये, आमच्या सरांनी पुण्याच्या नर्सरीतून रोप आणलं होतं, प्रत्येक पेराला तीन-तीन पानं, हातावर चोळलं की लिंबाच्या सालीचा गोडसर वास आणि मागे हिरवट काहीतरी. दक्षिण अमेरिकेतलं झाड ते, ऊन आणि पाण्याचा निचरा लागतो, आमच्याकडच्या पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजून गेलं बिचारं. पण सरांकडे खऱ्या तेलाची छोटी रेफरन्स बाटली आहे, फ्रीजमध्ये, कुलपात. तिची पट्टी बाजूला धरली. पहिल्या मिनिटाला दोन्ही लिंबूच. अर्ध्या तासाने रेफरन्स मऊ पडून सुकलेल्या पाल्याकडे गेली आणि ताईंची पट्टी होती तिथेच, तेलकट, गवताळ, उग्र.

ताई म्हणाल्या, "मॅडम, बोलू काय? मला पयल्या दिवशीच वाटलेलं, चहात टाकतो त्या पातीचा वास येतोय. पण म्हटलं फ्रेंच लोकांना तोच आवडत असेल, आपल्याला काय कळतंय."

नाक चांगलं असलेल्या माणसाने स्वतःच्या नाकापेक्षा लॅमिनेटेड कागदावर विश्वास ठेवायचा, हे मी रोज बघते.

मग रन लावला. नशिबाने लाईट टिकली. जीसीच्या ग्राफवर सिट्रालचे, म्हणजे लिंबाचा वास देणाऱ्या घटकाचे, दोन सुळके येतात, आधी नेराल, मग त्याहून उंच जेरॅनिआल. दोघांची बेरीज ७६ टक्के. तिथेच उत्तर मिळालं. वर्बेनाच्या तेलात सिट्राल साधारण तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास असतं, जागेप्रमाणे आणि तोडणीप्रमाणे हलतं, पण ७६ नाही. शिवाय त्यात लिमोनीन आणि सिनेओल बऱ्यापैकी असतात आणि शेवटाकडे जड घटकांची एक गर्दी असते, एआर-कर्क्युमीन, स्पॅथुलेनॉल, ही खरी ओळख. इथे शेवटाकडे जवळजवळ सपाट रेघ. लिमोनीन आणि सिनेओल आमच्या नेहमीच्या कॉलमवर (मशीनमधली घटक वेगळे करणारी बारीक नळी) एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या, वॅक्स कॉलमवर परत लावलं. सेल्सवाले म्हणाले कशाला एवढं, पैसे एकाच रनचे घेतलेत. मला बघायचं होतं म्हणून, आणखी काय.

सिनेओल नावालाच. मायर्सीन पण अगदी थोडं, म्हणजे आपल्या परसातला गवती चहा नव्हे, त्याच्यात मायर्सीन भरपूर असतं. हे कोचीन टाइप, केरळात पूर्वीपासून निघतं ते लेमनग्रास, गवती चहाचीच दुसरी जात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून बघितलं, स्वच्छ विरघळलं, घरगुती जातीचं असतं तर गढूळ झालं असतं. जेरॅनिऑल (वरचं जेरॅनिआल वेगळं), फोर-नोनॅनोन, या तेलातले नेहमीचे सगळे पाहुणे जागच्या जागी. तेल म्हणून उत्तम होतं, ताजं, स्वच्छ. फक्त वर्बेना नव्हतं.

इथपर्यंत आमच्यासाठी रोजचंच आहे. वर्बेनात भेसळ ही काय बातमी नाही. शंभर किलो पाल्यातून किलोभर तेल सुटत नाही, मग भाव चढतो, आणि लिंबाच्या वासाची स्वस्त तेलं हाताशी असताना खरं कोण भरणार.

ताईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग व्यापाऱ्याला दोन-चार ठेवणीतल्या शिव्या दिल्या, मग विचारलं, "मग खरं कुठं मिळेल ते सांगा, भाव असूदे कितीपण, शब्द दिलाय बायरला."

आणि इथे मला सांगावं लागलं की ताई, खरं मिळालं तरी घालू नका.

लेमन वर्बेनाचं तेल युरोपात साबण-क्रीम-अत्तरात सुगंध म्हणून घालायला बंदी आहे. त्यांचा कॉस्मेटिकचा कायदा आहे, १२२३/२००९, त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे बंदीच्या यादीत, नावानिशी. सुगंध उद्योगाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इफ्रा, तिचा नियमही तोच. कारण कातडीची ॲलर्जी. तेलाने कातडी सेन्सिटाइझ होते आणि एकदा झाली की बहुतेक वेळा जन्मभर, नंतर थेंबाच्या थेंबाने पुरळ. वर उन्हात रिॲक्शन येते ते वेगळं. सूट फक्त ॲब्सोल्यूटला, पाल्यातून सॉल्व्हंटने काढतात ते, आणि तेही तयार मालात ०.२ टक्क्यांपर्यंतच.

"पण तिकडं तर चहा करून पितात म्हणे त्याचा!" पितात, जेवणानंतर पितात, चांगला लागतो. पाण्यात उतरतो तो अर्क वेगळा, वर्बास्कोसाइडसारखे पाण्यात विरघळणारे घटक त्यात जास्त, तेल नखभर. आणि पोटात जाणं वेगळं, कातडीवर रोज चोळणं वेगळं. खाण्याच्या बाजूलाही सगळं मोकळं नाहीच, अमेरिकेत फ्लेवर म्हणून लेमन वर्बेनाला परवानगी आहे ती फक्त दारूच्या प्रकारांत. हे ऐकून ताई हसल्या. उरलेलं तेल कोकम सरबतात घालायचा त्यांचा विचार होता, तो मी तिथल्या तिथे मोडला. अगरबत्ती-साबणाच्या ड्रममधून ओतलेलं तेल, फूड ग्रेडचा कागद नाही, आणि कोकमासारख्या आंबट पाण्यात सिट्राल टिकत नाही, काही आठवड्यांत लिंबू जाऊन फिनेलसारखा वास उरतो. लिंबू फ्लेवरच्या कोल्ड्रिंकवाल्यांचं हे जुनं दुखणं आहे.

आता गंमत बघा. वाळत घातलेल्या वड्यांत लेमनग्रास आहे, ते युरोपात चालतं. तेल दोन टक्के घातलंय, म्हणजे सिट्राल दीड टक्का. सिट्राल त्यांच्या ॲलर्जीवाल्या यादीत आहे, धुवून टाकायच्या मालात ०.०१ टक्क्यांच्या वर गेलं की लेबलवर लिहावं लागतं, इथे त्याच्या दीडशेपट. दीड टक्का मला तसाही जास्तच वाटतो, इफ्राची सिट्रालवर पण मर्यादा आहे, सेफ्टी असेसरला, म्हणजे तिकडे मालाची सुरक्षितता तपासणाऱ्याला, विचारून पुढच्या बॅचला कमी करा म्हटलं. पण दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे. तेल खरं निघालं असतं तर अख्खा माल बंदीतला. आणि कागद? कागद सांगतो की बंदीचंच तेल घातलंय, कॅस नंबरसकट. म्हणजे साबण निर्दोष आणि सीओए गुन्हेगार.

मी ताईंसमोरच व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं शब्द फिरवेल. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल युरोपात चालत नाही, म्हणून तर हे देतो. पार्टीला वर्बेना पाहिजे, वर्बेनाचा वास दिला. ओरिजिनल दिलं असतं तर त्यांचीच पंचाईत झाली असती."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणजे या माणसाला नियम माहिती होता! सुगंधाच्या धंद्यात वर्बेना म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक ठिकाणी असंच बांधलेलं असतं, लेमनग्रास, मे चँग (लिंबाच्याच वासाचं आणखी एक तेल), थोडं लिंबू, आणि तो काही गुन्हा नाही, बायरलाही बहुधा तेवढंच हवं होतं. मग मी विचारलं, मग भाव कसला घेतला? सीओएवर लिपिया कशाला? तर म्हणाला, "पार्टी मागते तसं लिहितो." आणि फोन ठेवला. ताईंना फसवलं हे खरं, वाचवलं हेही खरं, पण वाचवायचं म्हणून कोणी इतका भाव लावत नाही. त्याला नियम आधी माहिती होता की मी विचारल्यावर सुचला, यावर मी अजून डोकं चालवतेय.

रिपोर्टवरून आमच्याकडेही वाजलंच. मी दोन ओळी लिहिल्या होत्या, घटक लेमनग्रास तेलाशी जुळतात, आणि लिपिया सिट्रिओडोराचे ओळखीचे घटक नमुन्यात आढळले नाहीत. सेल्सच्या साहेबांचं म्हणणं, दुसरी ओळ काढा, नुसता आकड्यांचा टेबल द्या, तो व्यापारी पण आपला कस्टमर आहे. अशा माणसांना लॅब म्हणजे शिक्के मारायचं ऑफिस वाटतं. दुसरी ओळ नसती तर ताईंनी नुसता टेबल त्या सीओएला जोडून पाठवला असता आणि तिकडच्या असेसरने कॅस नंबर बघून पहिल्याच पानावर फाइल बंद केली असती. सरांनी माझी बाजू घेतली, ओळ राहिली.

ताईंनी बायरला खरं काय ते कळवलंय, लेमनग्रास म्हणून घेणार का विचारलंय, अजून उत्तर नाही. त्यातल्या थोड्या वड्या गणपतीपुळ्याच्या दुकानात 'गवती चहा' म्हणून ठेवल्या, त्या खपतायत. रंग जरा पिवळट पडायला लागलाय, सिट्राल आणि साबणातला अल्कली, दुसरं काय होणार, पण लोकांना तेच नॅचरल वाटतं.

काल त्याच व्यापाऱ्याचा माल घेऊन दुसरी एक पार्टी आली. लेबलवर वर्बेना ॲब्सोल्यूट. ॲब्सोल्यूट दाट आणि हिरवट-काळपट असतं, हे पाण्यासारखं पातळ आणि फिकट पिवळं. उद्या सकाळी पहिला रन त्याचाच लावतेय, आणि सीओए या वेळी आधीच मागून घेतलाय.