मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या सहा पाकळ्या
मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थराची जाडी जेमतेम ०.६५ नॅनोमीटर, तरी ८०० नॅनोमीटरचा फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या स्पंदांचा) लेझर त्यावर टाकला की ४०० नॅनोमीटरचा सेकंड हार्मोनिक, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश, स्पष्ट मिळतो. एका थरात व्युत्क्रम सममिती (केंद्राभोवती उलटवली तरी रचना तशीच दिसणे) नसते, म्हणून हे घडते. नेहमीच्या २एच रचनेत (थर एकाआड एक उलटे रचलेले) दोन थर झाले की ही सममिती परत येते आणि संकेत जवळपास नाहीसा होतो. थर मोजायची इतकी सुंदर खूण दुसरी नाही!

थराखालच्या आधाराला फ्यूज्ड सिलिका (स्फटिक नसलेली काच) घ्या. कारण क्वार्ट्झचा स्फटिक स्वतःच सेकंड हार्मोनिक देतो. ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे प्रकाश थरावर एकवटणाऱ्या भिंगाच्या, अगदी आधी, जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही प्रकाशाच्या वाटेत बसवा, पण ती ८०० आणि ४०० दोन्हींसाठी चालणारी हवी. नाहीतर ध्रुवीकरण फिरवत काढलेल्या तीव्रतेच्या आलेखातल्या सहा पाकळ्या वेड्यावाकड्या येतात आणि दोष उगाच थरातल्या ताणावर जातो. प्लेट ३० अंश फिरली की ध्रुवीकरण ६० अंश फिरते, म्हणजे एक पाकळी पूर्ण. समांतर ॲनालायझरमध्ये (लेझरच्या ध्रुवीकरणाला समांतर प्रकाशच जाऊ देणाऱ्या गाळणीत) कमाल तीव्रता आर्मचेअर या स्फटिकातल्या ठरावीक दिशेला मिळते.

पॉवर दुप्पट केल्यावर संकेत चौपट व्हायला हवा. तसा होत नसेल तर आधी पॉवर उतरवा आणि पुन्हा मोजा. जुना आकडा परत आला नाही, तर थर जळला आहे.