कडक भाकरीवर चालणारी अभ्यासिका

सोलापुरात बिडी कामगारांच्या मुलींसाठी आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. भाड्याची एक खोली, २४ खुर्च्या, एक पंखा. घरी आई पानं कातरत बसलेली, शेजारी धाकटी भावंडं, टीव्ही चालू. दहावीच्या पोरीनं वही उघडायची कुठं? २०२० पर्यंत हे सगळं देणग्यांवर चाललं. टाळेबंदीत देणाऱ्यांचेच धंदे बसले आणि आमचं चार महिन्यांचं भाडं थकलं. राग कुणाचाच आला नाही. पण मुलींचा अभ्यास दुसऱ्याच्या बऱ्या-वाईट वर्षावर टांगून ठेवायचा नाही, हे तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

धंदा शोधायला लांब जावं लागलं नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे आमच्याकडचं रोजचंच खाणं. मुलींच्या आयांपैकी सातजणी तयार झाल्या. सात म्हटल्यावर मला लिज्जत आठवलं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. तिथं लाटणारी बाईच मालकीण असते. ही गोष्ट मला नीट कळायला मात्र वेळ लागला.

कागदपत्रं त्या मानानं सोपी. तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर आला, तो पाकिटावर छापला. कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची, म्हणजे ना-नफा कंपनी काढा, असंही एकांनी सुचवलं. त्यात नफा वाटून घेता येत नाही, तो उद्देशावरच खर्चावा लागतो. कल्पना आवडली, पण दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रं आमच्या आकाराला झेपणारी नव्हती. म्हणून बचत गटच केला. खातं उघडायला एका बँकेत तीन महिने हेलपाटे घातले, शेवटी दुसरीकडे आठवड्यात उघडलं.

खरी चूक हिशेबात होती. पीठ ४ रुपये, गॅस १, पाकीट १. भाकरी ७ रुपयांना. म्हणजे भाकरीमागे रुपया सुटतो, असं मी वहीत लिहिलं. बायकांची मजुरी त्यात धरलीच नव्हती. 'सध्या महिन्याला हजार रुपये घ्या, पुढं बघू,' असं मीच सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात तिघी परत बिडीकडे गेल्या. त्यातल्या अक्कांना भेटायला गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, बिडीला हजार बिड्यांमागं ठरलेली मजुरी तरी मिळते. अभ्यासिका आमच्याच पोरींची आहे, पण घर कशावर चालवू?"

मला उत्तर सुचलं नाही. ज्या बायकांच्या मुलींसाठी हे करत होते, त्यांच्याच फुकट कष्टांवर माझा नफा उभा होता.

मग सगळं पुन्हा मांडलं. भाकरीमागे अडीच रुपये मजुरी, दर शनिवारी रोख. दर १० रुपये. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, थोडं तुटलंही. तिघी मात्र परत आल्या.

पुण्याला पाठवलेल्या पहिल्या २०० भाकऱ्यांपैकी ६० मोडून पोचल्या. अक्कांनी लगेच विचारलं, "बिडीची छाट काढतात तशी इथंही काढणार का?" खराब म्हणून बिडी छाटली की तिचे पैसे मिळत नाहीत, तो धसका त्यांच्या मनात वर्षानुवर्षांचा. नाही काढायची, असा ठरावच लिहिला. मोडतोड गटाची. आता दहा-दहाच्या थप्पीला खाली-वर पुठ्ठ्याच्या चकत्या लावतो, आणि मोडलेल्या भाकरीचा चुरा वेगळ्या पाकिटात निम्म्या दरानं विकतो. आमटीत कुस्करायला लोक तो मागून नेतात.

आणखी एक गोष्ट शिकलो. सुरुवातीला पाकिटाच्या दर्शनी बाजूला 'मुलींच्या शिक्षणासाठी' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. लोक कौतुकानं एकदा घ्यायचे, दुसऱ्यांदा यायचे नाहीत. आता पुढं मालदांडी ज्वारीचं नाव आणि भाकरी केल्याची तारीख असते. अभ्यासिकेची ओळ मागं. परत येणारं गिऱ्हाईक खुसखुशीतपणासाठी येतं, आणि मला तेच हवं आहे.

पैशाचा क्रम ठरलेला आहे: आधी मजुरी, मग दोन महिन्यांच्या ज्वारीपुरती शिल्लक, उरेल ते अभ्यासिकेच्या वेगळ्या खात्यात. भाडं पूर्णपणे भाकरीतून निघायला १४ महिने लागले. ज्वारी महागली तेव्हा तीन महिने फक्त भाडंच निघालं, नवी पुस्तकं थांबली. मुलींना कारण सांगितलं, हिशेबाची वही दाखवली.

पावसाळ्यात भाकरी सादळते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. साठलेल्या पैशातून हवाबंद पाकिटांचं यंत्र घ्यायचं की खोलीत दुसरा पंखा लावायचा, यावर येत्या शनिवारी बैठक आहे. मुलींचं मत पंख्याला, अक्कांचं यंत्राला. मी या वेळी अक्कांच्या बाजूनं आहे.